नरसय्याअण्णांचं ऐकणं

ज्या माणसाला धड ऐकू येत नव्हतं, त्याच्याशी मी काही वर्षं वाद घातला. वादाचा विषय, रेकॉर्डचा आवाज गोड की मोबाइलचा. त्याला ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

चूक एवढीच. वाचून तुम्हाला वाटेल की लिहिणारा मूर्ख असावा. आमच्या घरात याबाबत दुमत नाही. पण नरसय्याअण्णांनी स्वतःचं बहिरेपण फार सफाईनं झाकलं होतं, हेही खरं. माझ्यापासून काही झाकायला फारशी सफाई लागत नाही, हे त्याहून खरं.

मी सोलापुरात साखर पेठेकडच्या एका बँकेत कॅशियर होतो. काउंटरला जाड काच आणि काचेला खाली अर्धचंद्रासारखं भोक. मी बोललो की शब्द निम्मे काचेला चिकटायचे, उरलेले बाहेरच्या कलकलाटात विरायचे. ‘मागं सही करा’ म्हटलं की माणसं भोकाला कान लावून ‘आँ?’ करायची. एकटे नरसय्याअण्णा काचेसमोर ताठ उभे राहायचे आणि माझा शब्द न् शब्द पहिल्या फटक्यात समजून घ्यायचे. बाहेरून वरातीचा बँड चाललेला असला तरी. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, “वाणी स्पष्ट असली ना, की समजणाऱ्याला समजते.” शाळेत पाठांतराच्या स्पर्धेत मिळालेलं बक्षीस मला अशा वेळी हमखास आठवायचं.

अण्णांचा चादरी-टॉवेलांचा लहानसा कारखाना होता, घराच्या मागच्या अंगाला. माणूस उंच, सडसडीत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि भुवयांवर कायम सुताची बारीक तूस, जणू नुकतंच कुणीतरी त्यांच्यावर पिठाची चाळण झटकली आहे. घरात तेलुगू, दारात मराठी, कामगारांशी दोन्हींची भेळ. बोलणं कमी. आणि बोलणं संपवायचं झालं की एकच शब्द, “अंते.” एवढंच, संपलं, या अर्थाचा तेलुगू शब्द. बिल दिलं, अंते. मुलीचं लग्न ठरलं, अंते. कुणी गेलं, तरी अंते. मला ते साहेब म्हणायचे. मी साहेब कधीच नव्हतो. पण आमच्याकडं पँटीत शर्ट खोचला की माणूस साहेब होतो.

गाण्याची ओळख पटली ती माझ्या पिशवीमुळं. जुन्या बाजारातून घेतलेल्या रेकॉर्डी मी काउंटरखाली ठेवल्या होत्या. अण्णांनी त्या काचेतून पाहिल्या.

“रेकॉर्डी हायत व्हय? ऐकता तुमी?”

“ऐकतो म्हणजे काय! जगतो त्याच्यावर.”

“माझ्याकडं बी हायत थोड्या,” अण्णा म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीत लावतो. माग बंद असतात तवा.”

ती गंमत मी नंतर जाऊन पाहिली. सकाळपासून यंत्रमागांची खटाखट अशी, की अंगणात उभं राहिलं तरी दात वाजावेत. दुपारी एकदम सगळं थांबायचं. त्या शांततेत कामगार डबे सोडायचे आणि अण्णा ऑफिसच्या खिडकीत प्लेअर ठेवून एक रेकॉर्ड लावायचे. धारवाडकडच्या एका बाईंची तोडी. बाकरवडीसारखी गुंडाळलेली चपाती हातात धरून कामगार ऐकत बसायचे. रेकॉर्ड संपली की माग सुरू. तरुणपणापासून अण्णांनी गाणं ऐकलं ते असं, दोन गोंगाटांच्या फटीत.

निवृत्त झाल्यावर मी घरी रविवारी सकाळी रेकॉर्डी ऐकायचा अड्डा सुरू केला. चार टाळकी जमायची. अण्णा न चुकता यायचे. त्यांच्या तऱ्हा तेव्हा नीट दिसू लागल्या, म्हणजे मला दिसल्या, कळल्या नाहीत. येताना ते स्वतःच्याच रेकॉर्डी आणायचे आणि त्याच लावायचा हट्ट धरायचे. नवं काही लावतो म्हटलं की चुळबुळ. मी मनात म्हणायचो, आवड फार संकुचित आहे बुवा माणसाची. खुर्ची ओढून घ्यायचे ती थेट माझ्यासमोर, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. मला वाटायचं, आदर आहे. एकदा मी बोलत असताना लाइट गेली, पडदे लावलेले होते, खोलीत अंधार झाला, तर अण्णा एकदम गप्प. मी काहीबाही विचारतोय, हे आपले शांत. लाइट आल्यावर म्हणाले, “हां साहेब, काय म्हणत होता?” मी बायकोला म्हणालो, “कारखानदार लोकांना अंधारात बोलायलासुद्धा काटकसर.”

आणि माझी मिशी. ती तेव्हा भरघोस होती, वरच्या ओठावरून खाली ओघळलेली. अण्णा दर दोन-चार भेटींत म्हणायचे, “साहेब, मिशी काढा की. लई वाढलीय.” त्यांच्या स्वतःच्या ओठावर केसाचं नाव नव्हतं. मी समजलो, मत्सर.

एका रविवारी अण्णा रेकॉर्डीविना आले. खिशातून मोबाइल काढला, गळ्यात मोठे हेडफोन. म्हणाले, “शैलजानं समदं ह्याच्यात घालून दिलंय. आता मी ह्याच्यावरच ऐकणार.” शैलजा त्यांची मुलगी, लग्न होऊन शहरातच राहणारी, शाळेत शिकवणारी.

मला धक्काच बसला. आमच्या पंथातला माणूस बाटला! मी उभं राहून भाषण केलं. रेकॉर्डच्या आवाजात एक ऊब असते (हे मी कुठंतरी वाचलं होतं), डिजिटलवाले त्या आवाजाची खांडोळी करतात, त्याचे आकडे करतात, एक आणि शून्य, आणि मग ते आकडे तुमच्या कानात ओततात. त्यात गाणं कुठं राहिलं?

अण्णा माझ्या तोंडाकडं बघत सगळं ऐकून घेत होते. म्हणजे, बघून घेत होते.

“साहेब, चादरीवरचा मोर बघितला का तुमी?”

“बघितलाय. पांघरलाय.”

“तो मागावर कसा जातो म्हाइतीय? नक्षीच्या जकार्डला पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात. पट्टीत नुसती भोकं. हितं भोक हाय, हितं न्हाय. हाय, न्हाय, हाय, न्हाय. पट्टी हातात घिऊन बघा, मोर दिसतोय का?”

“नाही दिसत.”

“पन चादरीवर येतो की न्हाय? पिसाऱ्यासकट येतो. अंते.”

मंडळी हसली. मी हार मानणारा नव्हे. “येतो, पण त्या मोरात ऊब नसते, अण्णा!”

“चादरीत असती की.”

आता खरं तर इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांनी हेडफोन गळ्यातून काढला आणि मोठ्या हौसेनं माझ्याकडं केला. “ऐका तर एकदा. मी कसं ऐकतो ते.” मी कानाला लावला आणि लगेच काढला. त्यांची तीच तोडी, पण बाईंचा वरचा सूर कानात सुईसारखा घुसत होता. तंबोरे किणकिणत होते, नुसतं सस्स-सस्स. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “अण्णा, हे गाणं आहे की राखेनं भांडी घासताय? कान गेलेत की काय तुमचे?”

अण्णा हसले. हेडफोन परत गळ्यात घातला. त्या दिवशी ‘अंते’ म्हणाले नाहीत.

पण येत राहिले. मी त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम रेकॉर्डच लावायचो, माणसाला सुधारायला हवं ना. अशाच एका रविवारी त्यांचीच तोडी लावली होती. अर्ध्यात माझ्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. आवाज बंद, पण प्लेअर वेगळ्या प्लगवर होता, तबकडी फिरतच राहिली. मी मागं जाऊन वायरी उपसत बसलो. खोलीत शांतता. आणि त्या शांततेत अण्णा, डोळे फिरत्या रेकॉर्डवर लावून, मांडीवर ठेका धरून बसलेले. बोटं चालू. मग त्यांनी हात वर उचलला, मान डोलावली आणि जोरात म्हणाले, “वा!”

एक जण फिस्सकन हसला. मी टेबलामागून डोकं वर काढलं. अशी संधी मी सोडतो होय? अण्णांच्या समोर येऊन म्हणालो, “अहो अण्णा, गाणं मघाच मेलं! तुम्ही दाद कुणाला देताय, पंख्याला?”

सगळे हसले. अण्णाही हसले, सगळ्यांच्या तोंडांकडं पाहत, एक क्षण उशिरा. चहा घेतला, उठले, चपला घातल्या. पुढं तो किस्सा मी लग्नात, बँकेच्या पेन्शनरांच्या जेवणात, केशकर्तनालयात, सगळीकडं सांगितला. बिनागाण्याची दाद. लई खपला.

त्यानंतर अण्णा आले नाहीत.

काही रविवार गेले. बायको म्हणाली, “तुमच्या बोलण्यानं दुखावलेत ते. जाऊन माफी मागा.” मी गेलो. अण्णा ऑफिसच्या खोलीत माझ्याकडं पाठ करून बसले होते. पलीकडं माग चालू. आता ते भाड्यानं दुसऱ्याला दिलेले होते, पण खटाखट तीच. मी दारातून हाक मारली. उत्तर नाही. रागावलेत, मी समजलो. मग मी त्या पाठीची माफी मागितली. चांगली सविस्तर. माझा स्वभाव कसा आहे, मनात काही नसतं, जुनी मैत्री, वगैरे. आवाज थोडा कातरही केला. पाठ ढिम्म.

मागून शैलजा आली. “काका, कुणाशी बोलताय?”

“अण्णांशी. फार रागावलेत गं. वळूनसुद्धा बघेनात.”

वडिलांना ती नान्ना म्हणते. “नान्नांना मागनं ऐकू येत नाही, काका.” मग म्हणाली, “पुढनंही येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?”

ती पुढं गेली, त्यांच्या समोर उभी राहिली, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. अण्णा वळले. “अरे साहेब! कवा आलात?”

मागावर काम करणाऱ्यांत ओरडायची पद्धत नाही, हे मी इतकी वर्षं या गावात राहून शिकलो नव्हतो. ओरडून उपयोगच नसतो. माणसं या टोकाकडून त्या टोकाला ओठांनी बोलतात, हातांनी खुणा करतात. अण्णा पोरवयापासून त्यातच वाढले, म्हणून कान जाताना त्यांना कसली अडचणच झाली नाही. बँकेच्या काचेतून माझी स्पष्ट वाणी नव्हे, माझे ओठ त्यांना समजत होते. आणि माझी मिशी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अक्षरांवर सांडलेली शाई.

शैलजानं पुढचं सांगितलं. मागाच्या आवाजानं कान एकदम जात नाही. बारीक आवाज आधी जातात. चिमण्या, पैंजण, तंबोऱ्याची जवारी, बाईचा वरचा सूर. मग शब्दांच्या कडा. राहतो तो नुसता डग्ग्याचा घुमारा. रेकॉर्डवर त्यांना आता तोडी ऐकू येत नव्हती, भिंतीपलीकडं कुणी बोलतंय एवढंच कळायचं. फोनमध्ये मात्र आवाजाच्या पट्ट्या वरखाली करता येतात. जे जे गेलं होतं ते तिनं वर चढवून दिलं होतं, अगदी टोकापर्यंत. मला जी राखेनं घासलेली भांडी वाटली, ती त्यांच्या कानात पोचेपर्यंत तोडी झालेली असायची.

“डॉक्टर म्हणालेत, उरलंय तेही जाणार,” ती म्हणाली. “म्हणून ते घाईत आहेत, काका. आहे तोवर ऐकून घ्यायचंय त्यांना. तुमच्याकडं आले होते ते सगळ्यांबरोबर बसून ऐकता येतं का बघायला.”

अण्णा मध्येच बोलले. त्यांनी आमच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं.

“साहेब, सुई गाणं ऐकवती आन् ऐकवता ऐकवता थोडं खाती. माझी तोडी बघा, मधी मधी झिजलीय. कान बी तसाच. मागानं पोट भरलं, आन् कान खाल्ला. दोन्हीकडनं झीज. ह्यो फोन एकटा असा हाय, हजारदा लावा, काय खात न्हाय.”

मग ते म्हणाले, “साहेबांना लाव गं. त्यांच्या कानाचं लाव. माझ्या न्हाय.”

शैलजानं पट्ट्या सपाट केल्या, आणि त्याच मैफलीचं कंपनीनं नव्यानं साफ करून काढलेलं रेकॉर्डिंग लावलं. मी हेडफोन घातला. ही तोडी मी शंभरदा ऐकली असेल. रेकॉर्डवर बाईंचा आलाप एका जागी तुटतो, मग मी उठतो, तबकडी उलटतो, फडकं फिरवतो, सुईवर फुंकर मारतो, रसिक असल्याचा आव आणून परत बसतो. इथं तुटलंच नाही. उठायचं कारण नाही, पुसायला काही नाही, मिरवायला काही नाही. मला नुसतं ऐकावं लागलं. आणि खरखर नसल्यानं दोन सुरांच्या मध्ये जी शांतता होती, तिच्यात बाईंनी घेतलेला श्वास ऐकू आला. छोटा, घाईचा, म्हातारा श्वास. त्यांच्या मागं एक कोवळा आवाज सूर धरून बसलेला, एखादी शिष्या असेल. इतकी वर्षं ती पोरगी तिथं गात होती आणि मी ऊब ऊब करत बसलो होतो.

मी हेडफोन काढला तेव्हा अण्णा माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. मी काय ऐकलं ते विचारलं नाही. वाचलं असावं.

मी मिशी काढली. आमच्यात एकाएकी मिशी उतरवली की लोक समजायचे ते समजतात, कॉलनीत तिघांनी हळू आवाजात विचारलं, “कोण गेलं?” मी म्हणालो, “अजून कुणी नाही.”

अण्णांना पुढं कानाचं मशीन मिळालं, फोनमधून थेट कानात आवाज सोडणारं. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी तिथं होतो. शैलजानं तोडी सुरू केली. अण्णा ताठ बसलेले. जरा वेळानं त्यांनी हाताची मूठ मिटून वर धरली, माग थांबवायची खूण. तिनं गाणं थांबवलं. म्हणाले, “परत.” पुन्हा तोच तुकडा, तंबोऱ्यांचा, बाई सुरू व्हायच्या आधीचा. पुन्हा मूठ. “परत.” गाणं पुढं सरकूच देईनात. रेकॉर्ड असती तर तेवढ्या भागाचा भुगा झाला असता. त्यांची बायको, आम्ही सगळे अक्का म्हणतो, दारात पदर तोंडाला लावून उभी होती. अण्णा कुणाकडंच बघत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज नव्हती.

ते सुख वर्षभर टिकलं असेल. मशीनचा आवाज वाढवत वाढवत शेवटाला लागला, आणि मग वाढवायलाही काही उरलं नाही. मी जायचो, समोर बसायचो, उजेडात तोंड धरायचो. त्यांच्या सगळ्या रेकॉर्डी त्यांनी मला देऊन टाकल्या. त्या कपाटात नीट उभ्या आहेत. मी ऐकतो मोबाइलवर.

शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. जेवणाची सुट्टी झाली होती, माग थांबलेले. दार उघडंच होतं. अण्णा टेबलाशी बसलेले, समोर शैलजाचा जुना लॅपटॉप. कानात मशीन नाही. पडद्यावर तोडी चालू होती, म्हणजे तिचं चित्र चालू होतं. गाण्याच्या आवाजाची ती निळी रेघ, कुठं फुगलेली, कुठं चिमटलेली, डावीकडून उजवीकडं सरकत होती. आवाज बंद. अण्णा त्या रेघेकडं बघत होते, जसं आयुष्यभर माणसांच्या ओठांकडं बघितलं तसं. रेघ बारीक झाली की श्वास धरायचे. फुगली की मान वर. मांडीवर बोटांचा ठेका. मग रेघ उंच उसळली आणि त्यांनी हात उचलून म्हटलं, “वा!”

मी माझा फोन काढून तेच गाणं काढलं, त्या जागी नेलं, कानाला लावलं. दाद बरोबर समेवर पडली होती. मी हाक मारली नाही. मागं फिरलो. दोन-तीन आठवड्यांनी अण्णा झोपेत गेले.

दहाव्याला गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. माणूस मोठा होता, चार शब्द बोलायला हवेत. अक्काजवळ बसलो आणि सुरू झालो. अण्णांनी मला ऐकायला कसं शिकवलं, आमच्या किती गप्पा व्हायच्या, माझं बोलणं ते किती मन लावून ऐकायचे. अक्का खाली मान घालून ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या,

“तुमी आलात की मशीन काढून खिशात ठेवायचे ते. म्हणायचे, साहेबांचं ओठावरनं पुरतंय. उरलेला कान त्यांच्यावर कशाला खर्च करू?”